सर्दीची गोळी आणि वयाचा प्रश्न

शिंका सुरू झाल्या किंवा अंगावर पित्त उठले की औषधाच्या दुकानात जावे आणि दुकानदाराने पट्टीतून दोन गोळ्या कापून द्याव्यात, हा व्यवहार पाटण्यापासून मदुराईपर्यंत सारखाच चालतो. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागत नाही. गोळी कोणासाठी हवी, हेही सहसा विचारले जात नाही, आणि खरा धोका येथेच आहे.

या औषधांना अँटिहिस्टामिन म्हणतात. या वर्गातील पहिले संयुग १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीची औषधे मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी आणतात. तरुण माणसाला ती एखादी जड दुपार देतात; मात्र तो ट्रक चालवत असेल, तर तीच गुंगी जीवघेणी ठरू शकते. लहान मुलांत परिणाम कधी नेमका उलटा होतो: मूल झोपण्याऐवजी चिडचिडे, अस्वस्थ होते. मात्रा वाढली तर झटके येऊ शकतात. प्रोमेथाझिनमुळे श्वास मंदावण्याचा धोका असल्याने ते दोन वर्षांखालील मुलांना वर्ज्य मानले जाते. वृद्धांत तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे, गोंधळलेपणा आणि तोल जाऊन पडणे हे परिणाम दिसतात. घरचे लोक त्याला ‘वयोमान’ म्हणून सोडून देतात. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे तुलनेने सौम्य आहेत. तरीही सेटिरिझिनने काहींना झोप येते, आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी करावी लागते.

शासनाला याची जाणीव नाही, असे नाही. १९४५ च्या औषध नियमावलीच्या ‘जी’ परिशिष्टात अँटिहिस्टामिनांचा समावेश असून, वैद्यकीय देखरेखीविना ती घेणे धोक्याचे आहे, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचे आदेश दिले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, ती त्यातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळे. परंतु औषध याच मिश्रणाच्या वर्गातले होते. विषाचा शोध घेताना, इतक्या लहान मुलांपर्यंत ते पोहोचलेच कसे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता.

प्रशासनात उमेदवारी केलेल्या कोणालाही ठाऊक असते की आदेश निघणे आणि आदेश पोहोचणे यांत फार अंतर असते. येथे ते अंतर पट्टीवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांएवढे आहे. त्यातही गोळ्या सुट्या कापून दिल्या की इशारा दुकानातच राहतो. चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांचा स्वतंत्र कायदेशीर वर्ग आपल्याकडे अद्याप नाही. तो करताना वय हाच पहिला निकष असावा, इशारा राज्याच्या भाषेत ठळक छापला जावा आणि ‘कोणासाठी? वय किती?’ हे दोन प्रश्न विचारणे औषधविक्रेत्याचे कर्तव्य ठरावे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. आज ते बरेच अधिक आहेत. दोन प्रश्नांचा हा खर्च आपल्याला परवडण्यासारखा आहे.