डिझेलची हिलक्स आणि विजेची हिलक्स

मालवाहू गाडी घ्यावयाची झाल्यास ती डिझेलची घ्यावी कीं विजेची, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून विचारला जातो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरचा चरितार्थ अशा एखाद्या गाडीवरच चालतो; तेव्हां हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे, कर्जाच्या हप्त्यांचा आहे. परंतु दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्या तोलूं गेल्यास फरक इंधनाचा किती आणि कारागिरीचा किती, हें कळत नाहीं. सुदैवानें एक सोईचें उदाहरण नुकतेंच उपलब्ध झालें आहे. टोयोटा कंपनीची हिलक्स ही मध्यम आकाराची पिकअप १९६८ पासून जगांत आहे, व २०२२ पासून तिची डिझेलची गाडी आपल्या देशांतही विकली जाते. २०२५ च्या नोव्हेंबरांत तिची नववी पिढी जाहीर झाली, आणि तींत डिझेलच्या गाडीच्या जोडीला सर्वस्वी विजेवर चालणारी हिलक्सही पुढें आली. नांव तेंच, घडण बहुतांशीं तीच. निराळें आहे तें पोटांतील यंत्र.

आतां आंकडे पाहूं. विजेच्या हिलक्सच्या बॅटरींत ५९.२ युनिट वीज मावते. घरच्या विजेच्या बिलावर जें युनिट छापलेलें असतें, तेंच हें. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे कांठोकांठ भरलेल्या बॅटरींत जेमतेम सहा लिटर डिझेलची शिदोरी! डिझेलच्या गाडीची टाकी सुमारें ८० लिटरांची, म्हणजे ८०० युनिटांची. असें असून विजेची गाडी तेवढ्याशा शिदोरीवर सुमारें २४० किलोमीटर जाते, असें कंपनी सांगते. सहा लिटर डिझेलमध्यें डिझेलची गाडी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेली तरी पुष्कळ झालें.

हा चमत्कार नव्हे. डिझेल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा निम्म्याहून अधिक भाग रेडिएटरांतून आणि धुराच्या नळींतून वाया जातो. लांबून आलेल्या ट्रकच्या सायलेन्सरपाशीं हात नेऊन पाहणाऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. विजेच्या मोटरींत अशी नासाडी फारच थोडी. शिवाय कसारा घाट उतरतांना डिझेलची गाडी ब्रेक तापवून आपला वेग उधळून टाकते. विजेच्या गाडींत मोटरच उलट जनित्राचें काम करते आणि त्या वेगांतील कांहीं वीज बॅटरींत परत येते. एकंदरींत विजेची गाडी काटकसरी खरी, परंतु तिची शिदोरी फार लहान आहे. दोहोंमधील बहुतेक वाद या एका गोष्टींतून निघतात.

ओझ्याचेंच घ्या. डिझेलची हिलक्स पाठीवर सुमारें एक टन नेते आणि मागें जोडलेला ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढते. विजेच्या हिलक्सचे हेच आंकडे ७१५ आणि १,६०० किलोग्रॅम आहेत. यावरून कोणी म्हणेल कीं विजेच्या मोटरींत जोर कमी. तसें मुळींच नाहीं. उलट मोटर स्थिर असतांनाच आपला पूर्ण रेटा देऊं शकते, म्हणून चढावर भरली गाडी हलविण्यास ती फार चांगली. इसुझू कंपनीच्या विजेवरील डी-मॅक्स गाडीनें ६६.९ युनिटांच्या बॅटरीवर १,०१० किलोग्रॅम पाठीवर आणि ३,५०० किलोग्रॅम मागें, हे डिझेलच्या तोडीचे आंकडे राखून दाखविले आहेत.

परंतु ओढतां येणें निराळें आणि ओढून लांब नेणें निराळें. उंच चौकोनी ट्रेलर मागें लावला म्हणजे वाऱ्याचा विरोध अतिशय वाढतो, व तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांस ठाऊक आहे. अशा वेळीं एका भरण्यांत कापावयाचें अंतर पुष्कळदां निम्म्यावर येतें. डिझेलची गाडीही तेव्हां असाच खादाडपणा करते. पण नऊशें किलोमीटरांचें निम्में म्हणजे साडेचारशें, आणि दोनशें चाळिसांचें निम्में एकशें वीस. ऑस्ट्रेलियांत, जेथें अशा गाड्यांचा खप फार मोठा आहे, नलारबॉरच्या मैदानावरील आयर महामार्गाचा एक तुकडा सुमारें १४६ किलोमीटर एकही वळण न घेतां सरळ जातो. जड ट्रेलर लावलेली विजेची हिलक्स तेवढा एक तुकडा तरी संपवील कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

बरें, वाटेंत भरून घ्यावी म्हटलें, तर पंपावर मिनिटाला तीस लिटर डिझेल पडलें म्हणजे तीनशें युनिट गाडींत आले. दीडशें किलोवॅटचा जलद चार्जर पूर्ण जोरानें चालला तरी मिनिटाला अडीच युनिट देतो. विजेच्या काटकसरीची तिप्पट सूट दिली, तरी हें अंतर मिटत नाहीं.

मग मोठी बॅटरी कां बसवूं नये? अमेरिकेंतील रिव्हियन कंपनीनें २०२१ मध्यें काढलेल्या आर-वन-टी गाडींत ती १३५ युनिटांची होती, पण गाडीचें वजन तीन टनांवर गेलें. मालाऐवजीं बॅटरीच वाहावयाची, हा व्यवहार आम्हांस रुचत नाहीं. चीनच्या बीवायडी कंपनीची शार्क ६ हा मधला मार्ग आहे. तींत सुमारें ३० युनिटांची बॅटरी असून सोबत दीड लिटरचें पेट्रोल इंजिन आहे. जवळचा प्रवास विजेवर, लांबचा पेट्रोलवर. ती २,५०० किलोग्रॅम ओढते, आणि ऑस्ट्रेलियांत तिचा खपही बरा झाला.

येथवर वाचून विजेची गाडी निरुपयोगी असा ग्रह होईल, तर तो चुकीचा ठरेल. थायलंडांतील पट्टाया शहरीं २०२४ मध्यें विजेवरील हिलक्स सोंगथेव म्हणून चालवून पाहण्यांत आल्या. सोंगथेव म्हणजे हौद्यांत समोरासमोर दोन बांक टाकून उतारू नेणारी गाडी, आपल्याकडील वडापाची थायी बहीणच. ठरलेला रस्ता, थोडें अंतर, पदोपदीं थांबणें आणि रात्रीं मुक्कामास परत, हें काम जणूं विजेसाठींच निर्माण झालें आहे. साध्या सात किलोवॅटच्या जोडणीवर हिलक्सची बॅटरी आठ-नऊ तासांत भरते, आणि तेवढा वेळ मालक झोंपलेला असतो. आपल्याकडे टाटांची विजेवरील एस गाडी २०२२ मध्यें आली, ती याच हिशेबानें: २१.३ युनिटांची लहान बॅटरी, ६०० किलोग्रॅम माल, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें १५४ किलोमीटर. भाजी, दूध व किराणा पोंचविणाऱ्यास याहून अधिक क्वचितच लागतें. धुराविषयीं मात्र अतिशयोक्ति नको. महाराष्ट्रांतील पुष्कळशी वीज अद्याप कोळशावर होते. फरक इतकाच कीं धूर शाळेच्या फाटकापाशीं न निघतां औष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून निघतो.

ज्यांच्या घरीं असा विचार चालला असेल, त्यांनीं जाहिरातींतील मोठ्या टाइपाचा आंकडा बाजूस ठेवून एक महिनाभर वहींत टिपण करावें: रोज किती किलोमीटर झाले, हौद्यांत काय वजन होतें, रात्रीं गाडी कोठें उभी राहिली व तेथें स्वतःच्या मीटरची जोडणी आहे कीं नाहीं. सरासरीवर न जातां महिन्यांतील सर्वांत जड दिवस कोणता होता, तो पाहावा. मग विक्रेत्याकडून गाडी एक दिवस मागून घ्यावी, आपला नेहमींचा माल भरून आपल्याच वाटेनें ती न्यावी. रिकाम्या गाडींतून सपाट रस्त्यावर चक्कर मारवून आणूं म्हणणारास नम्रपणें नकार द्यावा.