जीवाणूंचे भाऊबंदकीतले शस्त्र

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले, की इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडचा जिल्ह्याच्या मुख्यालयाशी संपर्क तुटतो; आणि अशा दिवसांत तापाने फणफणलेल्या रोग्याचे भवितव्य दवाखान्याच्या कपाटात जे प्रतिजैविक शिल्लक असेल त्याच्याच गुणावर अवलंबून राहते, कारण ते निष्प्रभ ठरले तर दुसऱ्याची तजवीज होईपर्यंत व्याधी थांबत नाही. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील आरोग्यदूत स्त्रियांना अर्भकांचा जंतुदोष ओळखून जेंटामायसिनची सुई टोचण्याचे शिक्षण दिले. त्या घरोघरच्या शुश्रूषेने प्रयोगातील गावांत नवजातमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो वृत्तांत प्रसिद्ध केला. आज मात्र इस्पितळांतील क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू अशा औषधांना जुमानीनासे झाले आहेत, म्हणून संशोधकांचे लक्ष जीवाणूंच्याच आपसांतील वैराकडे वळले आहे.

हे वैर पुरातन आहे. ज्या १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसले, त्याच साली दुधातील काही जीवाणू आपल्याच भाऊबंदांची वाढ रोखतात असे निरीक्षण नोंदले गेले. ते ज्याच्या जोरावर हे करतात त्या द्रव्याला पुढे १९४७ साली ‘निसिन’ हे नाव मिळाले. चौतीस अमिनो आम्लांची ही एक लहानशी साखळी. पण तिची करामत अशी, की शत्रू आपल्या पेशीची भिंत रचण्यासाठी जी वीट आतून बाहेर वाहून नेतो त्या ‘लिपिड-दोन’ नावाच्या रेणूलाच ती पकडते, बांधकाम बंद पाडते आणि वर त्याच जागी पेशीच्या पटलास भोके पाडते. एकाच घावात दोन कामे साधत असल्यामुळे जंतूंना निसिनविरुद्ध प्रतिकार उभारणे अवघड जाते. चीज टिकवण्यासाठी ते जगभर कित्येक दशके वापरात आहे.

मग ते औषध का झाले नाही? पोटात गेल्यावर पाचकरस त्याचे तुकडे करतात, हे एक कारण. आणि दुसरे अधिक गंभीर असे, की क्लेब्सिएलासारख्या जंतूंभोवती जे बाह्य पटल असते ते निसिनला सहसा आत शिरूच देत नाही, म्हणजे जेथे निकड सर्वांत मोठी तेथेच हे शस्त्र एकट्याने बोथट पडते.

दुसरी वाट जिवंत जीवाणूच पाजण्याची. दही खा, हा शहरी उपदेश भामरागडकडे फारसा कामाचा नाही, कारण गाईचे दूध वासराचे मानणाऱ्या तेथील माडिया आदिवासींत ते काढण्याची परंपरा नव्हती. परंतु दह्यातील जीवाणूंच्या कुळातील लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम दुधावाचून अडत नाही, तो वनस्पतींवर आणि आंबवलेल्या धान्यातही वाढतो, आणि त्याच्या अनेक जाती ‘प्लँटेरिसिन’ नावाची पेप्टाइडे, म्हणजे निसिनसारख्याच अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, स्रवतात. ओडिशात ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेल्या प्रयोगात या जीवाणूची एक जात तिच्या खाद्यशर्करेसह आठवडाभर पाजली गेली, तेव्हा जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर उतरले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘नेचर’मध्ये आले. त्यात पेप्टाइडांचा वाटा किती, याचा उलगडा त्या प्रयोगाने केला नाही. शिवाय दोन किलोंहून कमी वजनाची अर्भके त्यात घेतलीच नव्हती, आणि जंतुदोषाचा धोका सर्वांत अधिक असतो तो त्यांनाच. त्यांच्यासाठी आजही इलाज जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचाच आहे. तेव्हा ही औषधे निष्प्रभ होऊ नयेत म्हणून साध्या सर्दीपडशासाठी दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या मागणाऱ्यांनी हात आवरावा.