नवी गाणी ऐका, पण नावे वाचून!

कानात बोंडे घालून आपली मुले दिवसभर काय ऐकत असतात, हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा तक्रार असते. आम्हाला ती तक्रार पुरती पटत नाही. मुले ऐकतात त्यांतली बरीच गाणी सिनेमातली असतात, हे खरे. पण काही गाणी अशीही असतात की, ज्यांचा गायक वीस-बावीस वर्षांचा आहे, त्याने घरातच संगणकावर सूर आणि ताल जुळवून गाणे बांधले आहे आणि पाठीशी कुणी बडी कंपनी नाही. अशा एकेका सुट्या गाण्याला ‘सिंगल’ म्हणतात. कॅसेटच्या काळात आपण दहा गाणी विकत घेत असू. त्यांतली दोन चांगली निघत, आठ भरतीची. आता नवा कलावंत एकच गाणे पुढे ठेवतो आणि त्यावर आपले नशीब अजमावतो.

असे नवे गाणे हाती लागते कसे, ते पारखायचे कसे आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत. आमचा पेशा कारकुनाचा, शिक्षण बी.कॉम. तेव्हा गाण्यातले सूर आम्हाला कमी कळत असतील, पण त्यामागचा जमाखर्च बरा कळतो.

यंत्रांवर वाजणारे हे नाचाचे संगीत श्रीमंत गोऱ्यांच्या बंगल्यांतून आले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १२ जुलै १९७९ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक विचित्र कार्यक्रम झाला. रेडिओवरच्या एका निवेदकाने लोकांना आवाहन केले होते, ‘डिस्को गाण्याची एक रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या.’ दोन सामन्यांच्या मधल्या वेळात जमलेल्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी मैदानावर विन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामावर होता. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. पुढे त्याने सांगितले की, लोकांनी आणलेल्या रेकॉर्डी सगळ्याच डिस्कोच्या नव्हत्या, त्यांत काळ्या कलावंतांच्या इतर रेकॉर्डीही होत्या. राग नेमका कशाचा होता, हे त्या पोराला ढिगाकडे पाहूनच कळले.

त्याच शहरात ‘वेअरहाऊस’ नावाचे एक नाचघर होते. १९७७ साली न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तेथे रेकॉर्डी वाजवी. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन वंशाचे तरुण. त्यांतले बरेच समलिंगी, म्हणजे गोऱ्यांनीही दूर लोटलेले आणि स्वकीयांनीही. या बहिष्कृतांना रात्रभर मोकळेपणाने श्वास घेता यावा अशी ती जागा. नकल्स जुन्या रेकॉर्डींना ताल-यंत्राची जोड देऊन गाणी लांबवी. सकाळी तीच पोरे ‘इम्पोर्ट्‌स एट्‌सेट्रा’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन विचारत, ‘वेअरहाऊसमध्ये वाजते ते द्या.’ दुकानदाराने तशी चिठ्ठीच खोक्यांवर लावली. पुढे ‘वेअर’ गळाले आणि ‘हाऊस’ राहिले. हाऊस संगीत हे नाव असे पडले, असे सांगतात.

१९८४ साली विन्स लॉरेन्स आणि जेसी साँडर्स यांनी ‘ऑन अँड ऑन’ हे सिंगल काढले. हाऊस संगीताची पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जाणकार तिचेच नाव घेतात. उत्तम गळ्याचे गायक त्यात नाहीत, वादकांचा ताफा नाही. पण शहरातल्या इतर पोरांनी ती ऐकली आणि त्यांच्या मनात आले, हे तर आपल्यालाही जमेल! वर्षभरात गल्लोगल्ली सिंगल निघू लागली.

यातल्या एका यंत्राची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली ‘टीबी-३०३’ नावाची एक लहानशी पेटी बाजारात आणली. गिटार वाजवणाऱ्याजवळ खर्जाची साथ देणारा वादक नसेल, तर पेटीने ती साथ द्यावी हा उद्देश. पण तिचा आवाज खऱ्या वाद्यासारखा मुळीच नव्हता. कोणी घेईना. १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केले आणि या पेट्या जुन्या मालात स्वस्तात मिळू लागल्या. शिकागोच्या डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघा मित्रांनी अशीच एक पेटी मिळवली. तिचे खुंटे वाजवता वाजवताच पिळले, तेव्हा किंचाळल्यासारखा, गुरगुरल्यासारखा एक नवाच आवाज निघू लागला. तो त्यांनी टेपवर घेतला आणि ‘म्युझिक बॉक्स’ या नाचघरातल्या रॉन हार्डीकडे नेऊन दिला.

हार्डीने ती टेप लावली तेव्हा लोक नाचायचे थांबले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा नाचघर बेभान झाले! हीच टेप १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने रेकॉर्ड होऊन निघाली आणि तिच्यातून संगीताची एक स्वतंत्र शाखा फुटली. नवे गाणे पहिल्या फेरीत आवडले नाही म्हणून लगेच पुढे ढकलणाऱ्यांनी हार्डीची ती चौथी फेरी आठवावी.

येथे आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली त्याच टीबी-३०३ पेटीवर दहा राग डिस्कोच्या तालात बसवले. शिकागोच्या त्या तिघांची रेकॉर्ड निघण्याच्या पाच वर्षे आधी! रेकॉर्ड निघाली, खपली नाही, विसरली गेली. एका डच संग्राहकाच्या हाती ती जुन्या मालात लागली आणि २०१० साली परदेशातून पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हा कुठे जगाने सिंग यांचे नाव घेतले. उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

आता जमाखर्चाकडे वळू. शिकागोच्या पोरांची पुष्कळशी सिंगल ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्‌स’ या कंपनीने काढली. खर्च वाचवण्यासाठी जुन्या रेकॉर्डी वितळवून त्यांवरच नवी गाणी छापली जात, म्हणून त्यांत खरखर ऐकू येई, असे त्या काळचे लोक सांगतात. जानेवारी १९८७ मध्ये शिकागोच्याच स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचे ‘जॅक युवर बॉडी’ इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे समुद्रापलीकडे या संगीताला मोठी बाजारपेठ मिळाली. पण ज्यांनी ते घडवले त्यांतल्या अनेकांच्या पदरी फारसे काही पडले नाही. लॅरी हर्ड यांचे १९८६ चे ‘कॅन यू फील इट’ आजही जगभर वाजते. रॉयल्टी मिळाली नाही म्हणून हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० साली ट्रॅक्स कंपनीवर दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यांचे हक्क दोघांना परत मिळाले. छत्तीस वर्षांनी! तरुणपणी पुढ्यात आलेल्या कागदावर न वाचता सही केली तर ती सोडवायला केवढे आयुष्य जाते, याचा अंदाज वाचकांना यावा.

आज रेकॉर्डचे दुकान मोबाइलमध्ये आले आहे. दररोज सुमारे १ लाख नवी गाणी या दुकानात येऊन पडतात. ल्युमिनेट या अमेरिकी संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ साली तेथे १८ कोटी ४० लाख गाणी होती. त्यांपैकी ४ कोटी ५६ लाख गाणी वर्षभरात कोणी एकदाही ऐकली नाहीत. एकदाही नाही! स्पॉटिफायवर गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते ‘ऐकले’ असे धरतात. शिवाय २०२४ पासून या कंपनीने नियम केला की, मागच्या बारा महिन्यांत निदान १ हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच पैसे मिळतील. बड्या गायकाला याचा काही फरक पडत नाही. नवख्याच्या गाण्याचा मात्र हिशेबच उघडत नाही. रक्कम किरकोळ असेल, पण किरकोळ म्हणून कोणाची मजुरी बुडवावी, हे आमच्या हिशेबात बसत नाही.

कोणते गाणे पुढे करायचे हे यंत्र ठरवते. आपण काल जे ऐकले त्याच्याच जातीचे आज समोर येते. त्यामुळे नवीन ऐकायचे तर थोडे कष्ट घ्यावे लागतात. आवडलेल्या गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवले की गीत, संगीत आणि निर्मिती कोणाची, हे बहुतेक ठिकाणी दिसते. त्यातला संगीतकार उचलावा आणि त्याने आणखी कोणासाठी काम केले ते शोधावे. एका नावावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, असे जात राहावे. अशा वाटेने गेल्यास चार-पाच पावलांतच आपण नाव न ऐकलेल्या गायकापाशी येऊन पोहोचतो. साउंडक्लाउडवर कित्येक नवखे आपले पहिले गाणे ठेवतात. बिली आयलिश या अमेरिकी मुलीचे पहिले गाजलेले गाणे २०१५ साली तेथेच आले. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि गाणे तिच्या भावाने घरीच बांधले होते. बँडकॅम्पवर गाणे विकतही घेता येते. तेथे कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, व्यवहाराचा थोडा खर्च जातो आणि उरलेला सगळा पैसा कलावंताचा. महिन्याला एखादे गाणे असे विकत घेतले तर खर्च भेळेच्या गाडीवरच्या खर्चाएवढाच होतो.

आपल्या देशातही या मार्गाने नवे आवाज पुढे आले. पंजाबातील जालंधरची गिन्नी माही शाळा-कॉलेजच्या वयातच पंजाबी पॉपच्या ठेक्यात बाबासाहेबांवर आणि संत रविदासांवर गाऊ लागली आणि २०१६ च्या सुमारास तिचे नाव पंजाबबाहेर पोहोचले. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद उभा केला. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वस्तीतले गाना गायक, पराई वाजवणारे, रॅप म्हणणारे असे एकोणीस जण एका मंचावर आले. त्याचे नाव पंडित अयोथी दास यांच्या ‘जातिविहीन’ या शब्दावरून घेतले आहे. अयोथी दासांनी १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, बौद्ध धम्म स्वीकारला होता.

या वाद्यवृंदातलाच अरिवु हा तरुण. मार्च २०२१ मध्ये त्याचे आणि गायिका धी हिचे ‘एन्जॉय एन्जामी’ हे सिंगल आले. संगीत संतोष नारायणन यांचे. अरिवुची आजी वल्लियम्मा श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली. मळे उभे करणारे भूमिहीनच राहिले आणि शेवटी परत पाठवले गेले, ही व्यथा त्या नाचऱ्या ठेक्यात आहे. गाणे तुफान गाजले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडिया मासिकाने मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव केला तेव्हा चित्रात धी होती, दुसरा एक गायक होता, अरिवु मात्र नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर हरकत घेतली. मग मासिकाने अरिवुचे चित्र असलेले वेगळे मुखपृष्ठ इंटरनेटवर काढले. गाण्यात कोणाचा वाटा किती यावरून २०२२ मध्ये या तिघांतच जाहीर मतभेद झाले. अरिवु म्हणाला, शब्द आणि चाल आपली. इतर दोघांनी श्रेय सगळ्यांचे असल्याचे सांगितले. आम्ही त्या वादात न्यायाधीश होणार नाही. पण २०२४ च्या मार्चमध्ये संतोष नारायणन यांनीच जाहीर सांगितले की, या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळालेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याची ही कथा!

आपल्या घरातही हेच चालते, हे बोलायला हवे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर जी नवी गाणी वाजतात त्यांतली पुष्कळशी जुन्या भीमगीतांना नवा ताल लावून केलेली असतात. ताल लावणाऱ्या डीजेचे नाव गाण्यात चार वेळा मोठ्याने पुकारले जाते. शब्द वामनदादांचे असोत की आणखी कोणा शाहिराचे, त्यांचे नाव शोधूनही सापडत नाही. नव्या तालाला आमचा विरोध नाही. तरुणांना नाचू द्यावे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरातांचा आवाज मोबाइलमुळेच घराघरांत गेला, हे आम्ही जाणतो. पण मूळ गीतकाराचे नाव गाण्याखाली लिहायला किती वेळ लागतो?

ज्यांच्या घरात स्वतः गाणे करणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्यासाठी काही कामाची माहिती. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. गाणे चढवून देणारी कंपनी तो बहुधा मिळवून देते. तो वहीत लिहून ठेवावा. गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीसाठी ‘आयपीआरएस’ ही १९६९ पासूनची संस्था आहे, तिचे सभासद होता येते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क अधिक भक्कम झाला आहे. आणि गाणे चढवण्यापूर्वी, मैत्री गोड असतानाच, एका साध्या कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, ताल कोणी बांधला आणि कोणाला शंभरातले किती, हे लिहून सगळ्यांनी तारीख घालून सह्या कराव्यात. प्रत्येकाकडे एक प्रत असावी.