रोटरी क्लबची साप्ताहिक सभा

रोटरी क्लबची साप्ताहिक सभा ही रोटरी इंटरनॅशनल या सेवासंस्थेशी संलग्न असलेल्या स्थानिक क्लबांची नियमित बैठक होय. ठराविक वार, ठराविक वेळ आणि ठराविक ठिकाण ही तिची पारंपरिक लक्षणे आहेत. सदस्यांच्या उपस्थितीविषयीचे कडक नियम आणि बाहेरच्यांना असलेला मुक्त प्रवेश या दोन गोष्टींमुळे ही सभा इतर मंडळांच्या खासगी बैठकींहून वेगळी ठरली. यांपैकी मुक्त प्रवेशाचा मुद्दा १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात महत्त्वाचा ठरला आणि त्या निकालाने महिलांच्या सदस्यत्वाचा मार्ग मोकळा झाला.

उगम

वकील पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे आपल्या तीन परिचितांसह पहिली सभा घेतली. खाण अभियंता गुस्टाव्हस लोअर यांच्या कचेरीत ही सभा झाली. कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकाम करणारे हायरम शोरी हे अन्य दोघे होते. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या व्यावसायिकांमध्ये स्नेह वाढावा व त्यांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, असा मूळ हेतू होता. सभा आळीपाळीने सदस्यांच्या कामाच्या ठिकाणी भरत असल्यामुळे ‘फिरती’ या अर्थाने क्लबला ‘रोटरी’ हे नाव मिळाले. सदस्यसंख्या वाढल्यावर कचेऱ्या अपुऱ्या पडू लागल्या आणि सभा उपाहारगृहांत व हॉटेलांत होऊ लागल्या. दर आठवड्याला सभा घेण्याची प्रथा कॅलिफोर्नियातील ओकलंड क्लबने सुरू केली, असे मानले जाते.

प्रारंभी परस्परांच्या व्यवसायवृद्धीवर भर होता. लवकरच त्याला समाजसेवेची जोड मिळाली. शिकागोमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी १९०७ पासून केलेला पाठपुरावा हा क्लबचा पहिला लोकोपयोगी उपक्रम समजला जातो.

सभेचे स्वरूप

सभा साधारणतः एक ते दीड तासाची असते आणि तिला भोजनाची किंवा अल्पोपाहाराची जोड असते. अध्यक्ष घंटा वाजवून सभेस प्रारंभ करतात. त्यानंतर पाहुण्यांचा परिचय, सदस्यांचे वाढदिवस, सचिवांची निवेदने आणि चालू प्रकल्पांचा आढावा असा क्रम असतो. सभेचा मुख्य भाग म्हणजे पाहुण्या वक्त्याचे भाषण. आरोग्य, कायदा, शेती, प्रवास अशा कोणत्याही विषयावर ते असू शकते. काही देशांत सभेत समूहगीते गायली जातात. ही प्रथा शिकागो क्लबचे आरंभीचे सदस्य व मुद्रक हॅरी रगल्स यांनी सुरू केली. क्षुल्लक कारणांवरून सदस्यांना गमतीने दंड करून ती रक्कम सेवाकार्यासाठी वापरण्याची पद्धतही अनेक क्लबांत आढळते.

अनेक सभांत ‘चतुर्विध कसोटी’चे सामूहिक वाचन होते. शिकागोतील उद्योजक हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये आपली डबघाईला आलेली कंपनी सावरताना ती तयार केली होती. सत्य, न्याय, सद्भावना व सर्वांचे हित या चार निकषांवर प्रत्येक कृती तपासावी, असा तिचा आशय आहे.

उपस्थितीचे नियम

रोटरीच्या मूळ रचनेत प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी क्लबमध्ये घेतला जाई. त्यामुळे एक सदस्य गैरहजर राहिला की एका व्यवसायाची जागा रिकामी राहते, असा उपस्थितीच्या आग्रहामागील विचार होता. २०१६ पूर्वीच्या नियमांनुसार सदस्याने प्रत्येक सहामाहीत किमान ५० टक्के सभांना उपस्थित राहणे आवश्यक होते. सलग चार सभा चुकल्यास सदस्यत्व धोक्यात येई.

या सक्तीला एक पर्याय होता. चुकलेल्या सभेच्या आधी किंवा नंतर १४ दिवसांत अन्य कोणत्याही रोटरी क्लबच्या सभेस हजर राहिल्यास ती उपस्थिती ग्राह्य धरली जाई. परगावी किंवा परदेशी गेलेले सदस्य त्यामुळे तेथील क्लबची सभा शोधत. अशा भेटींत दोन्ही क्लबांच्या छोट्या पताकांची देवाणघेवाण करण्याचा प्रघात पडला.

महिलांचे सदस्यत्व आणि सभेचा खुलेपणा

रोटरीचे सदस्यत्व अनेक दशके पुरुषांपुरते मर्यादित होते. सदस्यांच्या पत्नींना ‘रोटरी अ‍ॅन’ म्हणून कार्यक्रमांत स्थान असे, पण मतदानाचा अधिकार नसे. कॅलिफोर्नियातील ड्युआर्ट क्लबने १९७७ मध्ये तीन महिलांना सदस्य करून घेतले. त्यामुळे रोटरी इंटरनॅशनलने १९७८ मध्ये या क्लबची मान्यता काढून घेतली. क्लबने आपल्या सभा चालूच ठेवल्या आणि न्यायालयात दाद मागितली. कनिष्ठ न्यायालयात त्याला अपयश आले. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने मात्र त्याच्या बाजूने निर्णय दिला.

आपले सदस्य निवडणे हा खासगी सहवासाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असा रोटरी इंटरनॅशनलचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९८७ रोजी तो फेटाळला. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालात क्लबांचा आकार, सदस्यांची सततची ये-जा आणि सभांचे स्वरूप विचारात घेतले होते. अन्य क्लबांच्या सदस्यांना सभेत प्रवेश देणे क्लबांवर बंधनकारक होते, व्यावसायिक परिचितांना आणि प्रतिस्पर्ध्यांनाही सभेला आणण्यास उत्तेजन दिले जाई आणि वृत्तपत्रांतून सभांना प्रसिद्धी मिळे. ज्या संस्थेचे मुख्य कार्य अनोळखी लोकांसमक्ष चालते, तिचे संबंध कुटुंबासारखे खासगी मानता येत नाहीत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. महिलांच्या प्रवेशामुळे सेवाकार्यात लक्षणीय बाधा येत नाही, असेही निकालात म्हटले आहे. रोटरीच्या विधान परिषदेने १९८९ मध्ये पुरुषांपुरत्या सदस्यत्वाची अट जगभरासाठी रद्द केली. जेनिफर जोन्स या २०२२-२३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

भारतातील सभा

भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कोलकाता येथे, तर मुंबईचा क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रात पुढे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही क्लब निघाले. नोकरी-व्यवसायाच्या वेळा लक्षात घेऊन अनेक क्लब सायंकाळी सभा घेतात. सभेचा शेवट बहुधा राष्ट्रगीताने होतो. निमंत्रणपत्रिकांवर सदस्यांच्या नावाआधी ‘रो.’ हे संक्षिप्त रूप लिहिले जाते.

नियमांतील बदल

दर आठवड्याला ठराविक वेळ काढणे आणि भोजनाचा खर्च सोसणे अनेकांना, विशेषतः तरुणांना, कठीण जाते, अशी चर्चा क्लबांमध्ये दीर्घकाळ होत होती. विधान परिषदेने २०१६ मध्ये सभांची वारंवारता व उपस्थितीची अट यांबाबत क्लबांना मोकळीक दिली. त्यानुसार महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरल्या, तसेच सभा दूरस्थ पद्धतीने घेण्यासही मुभा मिळाली. कोविड-१९ च्या साथीत अनेक क्लबांनी याच मार्गाने आपल्या सभा चालू ठेवल्या. आठवड्याचे बंधन सैल झाले असले, तरी एका क्लबच्या सदस्याने दुसऱ्या क्लबच्या सभेस उपस्थित राहण्याची परंपरा कायम आहे.