दुसऱ्या पुराव्याची विद्या

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाकडे येणाऱ्या काही विमानांना उपग्रहांच्या नावाने खोटे संदेश मिळाले आणि विमान जिथे नव्हते तिथे ते असल्याचे पडदे सांगू लागले. डिसेंबरच्या आरंभी केंद्रीय नागरी उड्डाण मंत्र्यांनी संसदेत याला दुजोरा दिला. अशा तक्रारी आलेल्या शहरांत मुंबईही होती. जमिनीवरच्या जुन्या मार्गदर्शक यंत्रांचे किमान जाळे देशाने राखून ठेवले आहे, असा दिलासा त्याच उत्तरात होता. मला हा दिलासा बोचला. गेली वीस वर्षे जी यंत्रे आणि जी कौशल्ये कालबाह्य म्हणून बाजूला सारली जात होती, त्यांच्याच आधारावर आता सुरक्षिततेची हमी दिली जात आहे. यंत्रे राखता येतात. पण ती वापरणाऱ्याच्या अंगची विद्या राखली का, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यातल्या एखाद्या छोट्या धावपट्टीवरून पाहिले तर अधिक स्पष्ट दिसते.

आरंभीच्या काळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा वाट शोधण्यासाठी डोळे, नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढेच होते. पुढे मद्रासच्या टपालाचा मार्ग बळ्ळारीऐवजी हैदराबादवरून गेला. नकाशावर मुंबई ते हैदराबाद सरळ रेषा ओढली तर ती जवळजवळ धाराशिवच्या माथ्यावरून जाते. त्या रेषेच्या आसपास बालाघाटचे डोंगर, सीना नदी, परांड्याचा किल्ला आणि येडशीवरून लातूरकडे जाणारे बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ या वैमानिकाला ओळखता येतील अशा खुणा होत्या. नंतर रेडिओ आला. आधी रेडिओ संकेत पाठवणारी एनडीबी केंद्रे, मग दिशा सांगणारे व्हीओआर, अंतर सांगणारे डीएमई आणि उतरण्यासाठी आयएलएस अशी साधने देशभर बसत गेली. हा प्रवास पाठ्यपुस्तकांत व्यवस्थित नोंदलेला आहे.

थांबून पाहायला हवे ते 2005 ते 2015 या दशकाकडे. त्याची तयारी आधीच झाली होती. 1983 मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याची घोषणा केली आणि मे 2000 मध्ये संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. मग चार-पाच वर्षांतच शिकाऊ विमानांतली गोल काट्यांची सहा घड्याळे जाऊन त्यांच्या जागी दोन पडदे आले. त्याच सुमारास स्वस्त विमानसेवांची लाट आली, वैमानिकांची मागणी वाढली आणि राज्यात गोंदियासारख्या ठिकाणी नव्या प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. 2013 च्या अखेरीस इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ या उपग्रह-आधारित मार्गदर्शन यंत्रणेला पहिले प्रमाणपत्र मिळाले, 2015 मध्ये उतरण्याच्या मार्गदर्शनासाठीही मिळाले. हे यश मोठे आहे. आयएलएसचा खर्च न परवडणाऱ्या धावपट्टीवरही त्यामुळे उंचीच्या मार्गदर्शनासह उतरता येते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगडला प्रवासी विमान कंपनीच्या एटीआर विमानाने ते करून दाखवले. माझी तक्रार गगनबद्दल नाही. नवे शिकवताना जुने वगळले, याबद्दल आहे.

काय वगळले, ते धाराशिवच्या भूगोलावरून समजते. व्हीओआरचे संदेश सरळ रेषेत जातात, म्हणून ते किती लांबून मिळतील हे उंचीवर ठरते. उंचीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला 1.23 ने गुणले की अंतर नॉटिकल मैलांत मिळते. जमिनीपासून 3000 फुटांवर ते 67 मैलांच्या आसपास येते. धाराशिवहून छत्रपती संभाजीनगर सुमारे 107, पुणे 120 आणि हैदराबाद 145 नॉटिकल मैल दूर आहे. त्यातले सर्वांत जवळचे केंद्र पकडायलाही जमिनीपासून साडेसात हजार फूट वर जावे लागेल आणि शिकाऊ विमान सहसा तेवढे वर जात नाही. म्हणजे इथे खाली उडणाऱ्याला मोठ्या विमानतळांचा आवाज पोहोचत नाही. त्याला हिशेबच करावा लागतो. धाराशिव ते नांदेड साधारण 94 नॉटिकल मैल. विमानाचा वेग 90 नॉट आणि आडवा वारा 15 नॉट असेल तर नाक सुमारे 10 अंश वाऱ्याकडे वळवून धरावे लागते. ते केले नाही तर तासाभरात विमान 15 मैल बाजूला गेलेले असते. साठ मैलांत एक मैल बाजूला गेलो तर चूक एक अंशाची, या सूत्राने वाटेतली खूण पाहून हेडिंग सुधारायचे, दर पंधरा मिनिटांनी जायरोची दिशा होकायंत्राशी जुळवून घ्यायची आणि पूर्वेकडे वेग वाढवताना होकायंत्र खोटेच उत्तरेकडे झुकते हे लक्षात ठेवायचे. वळिवाच्या दिवसांत एनडीबीकडे रोख धरणारी एडीएफची सुई केंद्र सोडून विजेच्या ढगाकडे वळते हेही माहीत हवे. ही सारी विद्या यंत्रावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी काढून घ्यायचा हे शिकवते.

अशा शाळेसाठी मराठवाड्याचे मोकळे आकाश योग्य होते. पण त्या दशकात आपण छोट्या धावपट्ट्यांकडे वेगळ्याच नजरेने पाहिले. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेकराराने दिले गेले. चर्चा झाली ती प्रवासी किती मिळतील याची. धाराशिवला नियमित प्रवासी सेवा आली नाही, म्हणून धावपट्टी निरुपयोगी ठरली. विमानतळाचे मोल फक्त तिकिटांत मोजणाऱ्यांनी हे नुकसान केले, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. वैमानिक घडवण्यासाठी धावपट्टीवर गर्दी लागत नाही. उलट गर्दी नसणे हीच तिची पात्रता असते.

यावर पहिला आक्षेप असा की जुन्या साधनांनीही माणसे मारली. ते खरे आहे. 7 जुलै 1962 रोजी मुंबईला येणारे अलितालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून 94 जण गेले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत असा वैमानिकाचा चुकीचा समज झाला आणि विमान लवकर खाली आले. 24 जानेवारी 1966 रोजी मों ब्लां पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ कोसळले आणि त्यात होमी भाभा गेले. त्या विमानाचा एक व्हीओआर आधीच बंद होता आणि रडारवरून सांगितलेल्या जागेबद्दल गैरसमज झाला. पण या दोन्ही घटनांचा धडा नीट वाचला पाहिजे. दोन्हीकडे एका समजावर, दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याने तो न पडताळता, विमान खाली आणले गेले. पडद्यावरच्या एकाच ठिपक्यावर विसंबणे ही तीच चूक आहे आणि ठिपका नेमका दिसत असल्यामुळे तिच्याबद्दल शंका येणे अधिक कठीण झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या विमानांत जडत्वावर चालणारी यंत्रणा असते, जमिनीवरच्या केंद्रांवरूनही जागा काढता येते, मग कागदी नकाशा कशाला? मोठ्या विमानांपुरते हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. मात्र खोटा संदेश आला की विमानाचे घड्याळ चुकते, जमीन जवळ आल्याचे फसवे इशारे मिळतात आणि काही विमानांत जडत्वयंत्रणेच्या आकड्यांतही चूक मिसळते. मग कोणता आकडा बाद करायचा हे माणसालाच ठरवावे लागते. छोट्या विमानात तर जडत्वयंत्रणा नसतेच. तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो टिकत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यात विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन 20 तासांचे क्रॉस कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचे उड्डाण, आणि त्यात एक 300 नॉटिकल मैलांचा प्रवास हे आजही सक्तीचे आहे. हे तास वाढवायचे नाहीत, इंधनही जास्त लागणार नाही. त्यातले काही तास पडद्यावरचा नकाशा झाकून उडायचे, एवढाच बदल हवा.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. जमिनीवरच्या यंत्रांचे जे किमान जाळे राखले जात आहे, त्यात मराठवाड्याचा विचार व्हावा. धाराशिवसारख्या धावपट्ट्या प्रवाशांची वाट पाहत पडून राहू नयेत. तिथे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांवर क्रॉस कंट्रीचे प्रशिक्षण व्हावे आणि परवान्याच्या परीक्षेत त्याची प्रत्यक्ष चाचणी घेतली जावी. उपग्रहांनी वाट सांगावी, पण ती खरी की खोटी हे ठरवणारा वैमानिक आपण घडवला नाही, तर राखून ठेवलेल्या त्या जाळ्याचा उपयोग कोण करणार?