खुर्ची एक, नावे अनेक

गोष्ट १९९४ सालची. एका मराठी दैनिकात मी नवखा उपसंपादक म्हणून लागलो होतो. रात्रपाळीला टेलिप्रिंटरची खडखड चालू असे. इंग्रजी बातमीचा कागद टर्रकन फाडून समोर टाकला जाई आणि आपण त्याची मराठी बातमी करून द्यायची. एका रात्री साखर धंद्यातल्या कुठल्याशा संघटनेची बातमी माझ्या वाट्याला आली. संघटनेचे नाव पहिल्या परिच्छेदात एकदाच येऊन गेले होते. पुढे सगळीकडे नुसते 'द प्रेसिडेंट'. डोळ्यांवर झोप होती. मी झोकात मथळा दिला, 'साखरेच्या घसरत्या भावाबद्दल राष्ट्रपतींना चिंता'.

वृत्तसंपादकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारले, "काय हो, राष्ट्रपती भवनात गाळप सुरू झालं का?"

सगळे टेबल हसले. मी खाली मान घातली. थोड्या वेळाने चहाचा कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "इंग्रजांचं बरं आहे. ते सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवतात. आपल्याला आधी खुर्ची कुठे ठेवलीय ते बघावं लागतं, मग शब्द लिहायचा."

त्या रात्रीपासून हा शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच.

खरेच पाहा. भारताचा प्रेसिडेंट असेल तर तो राष्ट्रपती. अमेरिकेचा किंवा फ्रान्सचा असेल तर अध्यक्ष, फार तर राष्ट्राध्यक्ष. काँग्रेसचा असो की भाजपचा, पक्षाचा तो अध्यक्ष. जिल्हा परिषदेचाही अध्यक्षच. पण नगरपालिकेचा मात्र नगराध्यक्ष. बरे, उलट बाजूने जावे तर आणखी घोटाळा. लोकसभेचे आणि विधानसभेचे अध्यक्ष इंग्रजीत प्रेसिडेंट नसतातच, ते 'स्पीकर'. राज्यसभेचे व विधान परिषदेचे सभापती म्हणजे 'चेअरमन'. पंचायत समितीलाही सभापतीच. आणि गृहनिर्माण सोसायटीचा चेअरमन? त्याला कागदोपत्री अध्यक्ष म्हणतात, पण पाण्याची मोटर बंद पडली की जिन्यातून आरोळी 'चेअरमन!' अशीच येते.

हिंदीवाले या भानगडीत पडत नाहीत. त्यांना दिल्लीचेही राष्ट्रपती आणि वॉशिंग्टनचेही राष्ट्रपतीच. मराठीने मात्र जुन्या मंडळींच्या हातून एक बारीक रेघ ओढून घेतली. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर हे बंधन स्पष्ट शब्दांत लिहूनच टाकले. अमेरिकेचा अध्यक्ष हा स्वतःच सरकारचा कारभारी. एकाकडे मान अधिक, दुसऱ्याकडे सत्ता. दोघांना एकच शब्द वापरला तर वाचकाला वाटायचे की दोघे एकच काम करतात. हल्ली वाहिन्यांवर 'अमेरिकेचे राष्ट्रपती' सर्रास ऐकू येते, आणि माझा हात अजून आपोआप लाल पेनकडे जातो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे, पुढे बसणारा. बैठकीत सर्वांच्या समोर बसून कामकाज चालवतो तो प्रेसिडेंट. आपला 'अध्यक्ष' वेगळ्या घराण्यातला. तो देखरेख करणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक अख्खे अधिकरण अध्यक्षांच्या कामांवर आहे. तिथे सोन्याचा सुवर्णाध्यक्ष आहे, शेतीचा सीताध्यक्ष आहे (सीता म्हणजे नांगराची सरी), गुरांचा वेगळा आणि मद्याचा सुराध्यक्षसुद्धा आहे. ही माणसे सभेत हार घालून घेत नव्हती. वजनेमापे तपासत होती, हिशेब घेत होती. 'सभापती'ही जुनाच. श्रावणी सोमवारी ज्यांच्या कानांवर रुद्र पडतो त्यांनी लक्ष देऊन ऐकावे. सभांना आणि सभापतींना त्यात नमस्कार केलेला आहे.

इंग्रजांचा प्रेसिडेंट आपल्याकडे आला तो व्यापारी म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा मुख्य अधिकारी प्रेसिडेंट म्हणवला जाई. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर चाल केली, तेव्हा वखारीची दारे लावून आत बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन हा असाच प्रेसिडेंट होता. मराठी माणसाची या शब्दाशी गाठ पडली ती अशी, बंद दाराच्या दोन बाजूंनी. पुढे कंपनीने आपले ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. प्रेसिडेंटच्या अमलाखालचा मुलूख ती प्रेसिडेन्सी. सिंधपासून कारवारपर्यंत तिचा पसारा वाढला. मराठीने या प्रेसिडेन्सीला 'अध्यक्षी' वगैरे न म्हणता सरळ 'इलाखा' म्हटले. आजोबांच्या जुन्या दाखल्यांवरचे 'मुंबई इलाखा' हे शब्द पुष्कळांनी पाहिले असतील.

अमेरिकेने हा शब्द राज्याच्या प्रमुखाला दिला तेव्हा तो इतका साधा होता, की काहींना त्याची लाज वाटली. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांची निवड झाल्यावर त्यांना संबोधावे कसे, यावर सिनेटमध्ये चांगलेच चर्वितचर्वण झाले. उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांची तक्रार अशी, की प्रेसिडेंट काय, आगीच्या बंबवाल्यांच्या मंडळालाही असतो आणि क्रिकेट क्लबलाही! सिनेटच्या समितीने 'हिज हायनेस' आणि 'स्वातंत्र्याचे संरक्षक' अशी लांबलचक पदवी सुचवली. प्रतिनिधिगृहाने ती झिडकारली आणि राहिले ते नुसते 'मिस्टर प्रेसिडेंट'. आज त्याच क्लबातल्या शब्दाने जग दचकते. शब्द तोच राहिला, खुर्चीखालची जमीन तेवढी वाढली.

आपल्याकडे याच्या उलटे घडले. 'राष्ट्रपती' हे नाव आधी आले आणि राष्ट्र नंतर. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक आदराने राष्ट्रपती म्हणत. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये 'राष्ट्रपती' याच नावाचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होता कुणी 'चाणक्य'. जवाहरलाल नेहरूंच्या लोकप्रियतेत हुकूमशहाची बीजे आहेत, सावध राहा, असा त्याचा सूर होता. हा चाणक्य म्हणजे खुद्द नेहरू हे नंतर उघड झाले. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. खुर्चीवर बसून खुर्चीपासून सावध करणारा असा अध्यक्ष विरळाच.

घटना समितीत हा शब्द सहजासहजी बसला नाही. १९४७ च्या आराखड्यात प्रेसिडेंटच्या पुढे कंसात 'राष्ट्रपती' असे लिहिलेले होते. मसुद्यात ते गळले. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी विचारले, तो शब्द गेला कुठे? डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, की निरनिराळ्या भाषांतल्या मसुद्यांत निरनिराळे शब्द आहेत. हिंदी मसुद्यात 'प्रधान' आहे, उर्दूत 'सरदार'. कल्पना करा, राष्ट्रपती भवनाचे 'प्रधान भवन' झाले असते! आम्हा मराठी लोकांची तर पंचाईतच. आपला प्रधान पेशवाईपासून 'पंत' लावून दुसऱ्याच खुर्चीत बसलेला.

अखेर राष्ट्रपती हा शब्द राहिला, आणि त्याच्या शेपटात तो 'पती'ही राहिला. सेनापती, कुलपती, गणपती यांतला हा पती म्हणजे स्वामी, पालन करणारा. व्युत्पत्ती सांगायला ठीक आहे. पण २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या आणि घरोघरी तोच प्रश्न निघाला. बाई असल्या तर काय म्हणायचे? आमच्या संपादकीय विभागातही वाद रंगला. 'राष्ट्राध्यक्षा' म्हणा, असे कुणी सुचवले. कुणी विनोद केले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटी 'राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील म्हणाल्या' असे छापून आम्ही मोकळे झालो. मराठीत क्रियापद आपले काम चोख करते. पण आमच्या टेबलावरचा तो विनोद पुढे २०२२ साली थेट लोकसभेतल्या एका पक्षनेत्याच्या तोंडून द्रौपदी मुर्मू यांच्याबद्दल बाहेर पडला. गदारोळ झाला, त्यांना लेखी माफी मागावी लागली. जीभ घसरली असेलही. पण जीभ घसरायला वाट आधीपासून गुळगुळीत असावी लागते.

(जाता जाता एक गंमत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटचे नाव सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' होते. पुढे ते बदलले आणि गाडी 'पद्मिनी' झाली. लोखंडाच्या प्रेसिडेंटला बाई व्हायला कुणाची हरकत आली नाही.)

या पतीचा खरा अर्थ मला कोशात सापडला नाही, घरात सापडला. १९९७ साली आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीचे सभापतिपद महिलांसाठी राखीव झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीचा तो प्रताप. माझा चुलतभाऊ वर्षानुवर्षे राजकारणात. पद राखीव झाल्यावर त्याने वहिनीला उभे केले. 'उभे केले' हाच तेव्हाचा शब्द, जणू खांबच. वहिनी निवडून आली, सभापती झाली. हार मात्र दादाच्या गळ्यात पडले.

पहिल्या मासिक सभेला मी कौतुकाने गेलो होतो. पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली ती उंच खुर्ची. वहिनी तिच्यात अंग चोरून बसलेली. शेजारच्या खुर्चीवर दादा. गटविकास अधिकारी बोलत होते वहिनीला उद्देशून, पाहत होते दादाकडे. फायली वहिनीपुढून सरकत दादापुढे जात, आणि तिथून सहीपुरत्या परत येत. गावात दादाला लोक 'सभापती' म्हणू लागले होते. वहिनी होती 'सभापतीणबाई'. पाटलाची बायको पाटलीणबाई, सरपंचाची सरपंचीणबाई, तशी. निवडून आली ती, आणि भाषेने तिला पुन्हा नेऊन बसवले स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

पुढचा प्रसंग मी पाहिला नाही, तिथल्या शिपायाकडून ऐकला. नंतर वहिनीला विचारले तर ती नुसती हसली. उन्हाळा होता. डोंगराकडेच्या एका वस्तीवरच्या बायका रिकाम्या कळशा घेऊन कार्यालयात आल्या होत्या. टँकरचा प्रस्ताव तहसीलकडे पाठवायचा होता, आणि दादाच्या माणसांचे म्हणणे, ती वस्ती आपल्याला मत देत नाही, थांबू दे जरा. दादा मान हलवत होता. वहिनी कळशांकडे बघत होती. मग ती म्हणाली, "अहो, बाहेर जाऊन सगळ्यांना चहा सांगता का?"

दादा उठला. चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. वहिनीने शिपायाला सांगितले, "दार लोटून घे. आणि ती खुर्ची भिंतीला लाव." प्रस्तावावर शिफारस झाली, सही झाली, कागद त्याच दिवशी तहसीलला गेला.

दादा चार दिवस घरात बोलला नाही. त्याच्या माणसांनी वाड्यावरचे येणे कमी केले. पुढच्या सभेला तो आला, पण भिंतीजवळच्या खुर्चीतच बसला. आणि त्यापुढच्या सभेला आलाच नाही. हे सगळे सोपे झाले असे नाही. पुढच्या निवडणुकीत वहिनीला तिकीट मिळाले नाही, आणि ते दादाच्याच गटाने दिले नाही, हे तालुक्याला ठाऊक आहे. २०११ साली राज्यात महिलांचे आरक्षण निम्म्यावर गेले. पण भिंतीला न लावलेल्या त्या शेजारच्या खुर्च्या आजही किती कार्यालयांत आहेत, हे कुठल्याही तालुक्याला जाऊन बघावे. 'सरपंचपती' हा शब्द तर आता बातम्यांत अवतरणचिन्हांशिवाय येऊ लागला आहे. एक पती कमी होता म्हणून भाषेने दुसरा जोडून घेतला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. दादा आता थकला आहे, गुडघे धरलेत, ओसरीवर बसून असतो. दारावर 'माजी सभापती' अशी जुनी पाटी आहे, तिच्यावरचे नाव उन्हाने अर्धे उडाले आहे. कुणा गावचा फोन आला. रस्त्याच्या कामाबाबत काही विचारायचे होते. पलीकडच्याने सवयीने 'सभापतीसाहेब' अशी हाक मारली असावी. कारण दादा म्हणाला, "थांबा, त्या परसात आहेत. बोलावतो." आणि फोन हातात धरून त्याने आत हाक दिली, "अहो सभापती, तुमचा फोन."

वहिनी ओले हात पदराला पुसत आली.