दारात आलेल्या उमेदवाराला काय विचाराल?

बेळगाव-खानापुरात विधानसभा निवडणूक लागली की घरोघरी पहिला प्रश्न, समितीचा उमेदवार कोण? 2013 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही.

माझे मत समितीलाच असते. तरीही भूमिका विचारल्याशिवाय मी ते देत नाही. प्रतिज्ञापत्रात जमीन, सोने, कर्ज, गुन्हे, शिक्षण सारे लिहावे लागते. भूमिका मात्र कुठल्याच रकान्यात नसते. आणि सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो बंगळुरूला गेलेला आमदार सोडवणार नाही.

मग तिथे तो करणार काय? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे संविधानाचे कलम 350 क सांगते. मराठी शाळेला शिक्षक कमी पडले, तर सभागृहात हे कलम कोण काढणार? मराठी परिपत्रकांसाठी नुसता मोर्चा, की विधानसभेत प्रश्नही? हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन घेण्याला शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा तुम्ही कुठे होता?

सभेत याला ‘बघूया की’ एवढेच उत्तर मिळते. पहिल्यांदा मत देणाऱ्यांनो, तो मत मागायला दारात आला की विचारा. कन्नड उमेदवारालाही विचारा.